आत्याच्या दह्याचं घराणं

अख्ख्या मुलुंड पूर्वेत त्या काळी जंतूंबद्दल आदरानं बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते माझ्याच सासरी निघावं हे माझं नशीब. माझ्या बायकोची आत्या. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, लग्न केलं नव्हतं, आणि दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये देव्हाऱ्याशेजारी सूक्ष्मदर्शक ठेवून राहायची. देवाला रोज फूल मिळेलच असं नाही, पण सूक्ष्मदर्शकावरची मलमलची टोपी दर शनिवारी धुतली जायची आणि त्याला हात लावायची परवानगी कुणालाही नव्हती. आपण म्हणतो, भाताला जंतू लागले. आत्या म्हणायची, "आलेत ते." गावाहून कुणी आल्यासारखं. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्याकडे जेवायला गेलो तेव्हा जावई म्हणून बरं दिसावं या हेतूनं मी मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबण चोळला. आत्या दारात उभी राहून बघत होती. "जावई, कुणाकुणाला हाकलणार? तुमच्या पोटात लाखो करोडो बसलेत. ते आहेत म्हणून तर तुमचं सगळं सुरळीत चाललंय. खरं म्हणजे ते भाडेकरू आणि तुम्ही चाळ." मी बी.कॉम. झालेला माणूस. चाळ म्हणवून घेतल्यावर मी भाडेकरूंच्या नावानं भात जास्त घेतला.

जेवण झाल्यावर तिनं माझ्याच दातांवरचं किटण काडीनं खरवडून काचेवर घेतलं आणि मला भिंगातून बघायला लावलं. मी एक डोळा मिटून वाकलो आणि बराच वेळ सरळच झालो नाही. काड्या होत्या, मण्यांच्या माळा होत्या, काही मळसूत्रासारखे वळत वळत निघून जात होते. तीस वर्षं हे तोंड मी स्वतःचं समजून वापरत होतो. घरी परतताना मी सारखी दातांवरून जीभ फिरवत होतो. बायकोला वाटलं, आत्याची आमटी तिखट लागली.

विषाणूंबद्दल मात्र आत्याच्या बोलण्यात आदराबरोबर जराशी भीतीही असायची. एकदा मी तापानं फणफणलेलो असताना ती बघायला आली आणि उशाशी ठेवलेली कॅप्सूलची पट्टी उचलून थेट स्वतःच्या पर्समध्ये टाकली. "ही जिवाणूंना मारते. तुम्हाला विषाणू झालाय. तो धड जिवंतच नाही, त्याला मारणार कसं?" मी कण्हत विचारलं, जिवंत नाही तर मग मला छळतो कसा? तर ती पलंगाच्या कडेला बसून, माझा ताप विसरून, रंगात येऊन सांगायला लागली. तो खात नाही, वाढत नाही, श्वास घेत नाही. दगडासारखा पडून असतो. पण पेशीत शिरला की तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच भांड्यांत, स्वतःची पंगत मांडतो. "आणि गंमत म्हणजे जिवाणूंनाही विषाणू होतात हो. एवढुशा जिवाला त्याहून एवढुसा रोग." तिचा चेहरा असा उजळला होता की आजारी असल्याचा मला क्षणभर अभिमान वाटला.

पण तिचा खरा जीव होता दह्यात. तिच्या आईनं, लग्न होऊन बोटीनं मुंबईला येताना, दह्यात भिजवून वाळवलेलं फडकं कंबरेला खोचून आणलं होतं. इथे आल्यावर ते कोमट दुधात टाकलं, आणि त्या विरजणावर पुढची सगळी वर्षं दही लागत आलं. आई गेली, दही चालू राहिलं. आत्याचं म्हणणं, जिवाणू मरून मागे पोरं ठेवत नाही, तो स्वतःच दोन होतो. त्यामुळे आईनं बोटीतून आणलेले आजही वाटीत हजर आहेत. "बाहेरचेही मिसळले असतील, मी शपथेवर नाही सांगत," एवढी शास्त्राची बूज राखून ती दह्याचा पहिला चमचा तोंडात घालायची आणि डोळे मिटून घ्यायची.

हे विरजण तिनं सगळ्या बिल्डिंगला आणि आम्हालाही दिलं होतं. नुसतं देऊन थांबली नाही. दर रविवारी स्वतःचा चांदीचा चमचा घेऊन ती घरोघरी दही तपासायला जायची: सायीखाली चमचा घालायचा, थोडं चाखायचं, "छान आहेत हो सगळे" म्हणायचं आणि पुढचं दार. तिथून दुपारी आमच्याकडे. तिच्या समोरच्या परबबाईंचं दार तेवढं तिनं सोडलं होतं. तीन वर्षांपूर्वी चैत्रातल्या हळदीकुंकवाला आत्यानं त्यांच्याकडच्या पन्ह्याचा थेंब घरी नेऊन भिंगाखाली बघितला होता आणि धावत परत येऊन, भरल्या बायकांत, अगदी कौतुकानं सांगितलं होतं, "परबबाई, काय भरभराट आहे तुमच्या पन्ह्यात." अर्ध्या पेल्यांतलं पन्हं तसंच राहिलं. तेव्हापासून दोन दारं समोरासमोर आणि बोलणं बंद.

एका आठवड्यात सगळ्यांचं दही लागेनासं झालं. सकाळी झाकण काढावं तर दूधच, तेही चिकट. पहिल्यांदा सगळ्यांनी दूधवाल्या भय्याला धरलं. आत्यानं त्याच दुधाला बाजारच्या दह्याचं विरजण लावलं, सुरेख लागलं. म्हणजे दूध निर्दोष. आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा तिनं आपल्या दुधाचा थेंब भिंगाखाली घेतला आणि दह्यातल्या जिवाणूंच्या माळांच्या जागी नुसता चुरा बघून खुर्चीत बसली.

"विषाणू," ती म्हणाली. "आमच्याच घराण्याला ओळखणारा. आणि घरोघरी पोचवला कुणी? मी. चमचा धुतसुद्धा नव्हते. पोरांना वीस वर्षं हेच शिकवतेय."

मी काहीतरी समजुतीचं म्हणून बोललो, "आत्या, बाजारचं दहीही चांगलं असतं." तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी उठून पंखा एकवर केला. मग माझी बायको हळूच म्हणाली, "आत्या, परबकाकूंना दिलं होतंस ना गं? तिथं तर तीन वर्षांत तुझा चमचा गेलाच नाही."

आत्यानं समोरच्या बंद दाराकडे बघितलं. मग पदर सारखा करून उठली. हातात वाटी घेतली, ठेवली, दुसरी नवी कोरी घेतली. मी आणि बायको उंबऱ्यात. परबबाईंनी दार उघडलं, वाटीकडे बघितलं.

"आता कशाक इलात? आमच्या पन्ह्यात वस्ती आसा मां? मग दह्यात काय कमी आसतली?"

"तीच हवी आहे," आत्या म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "माझ्याकडची गेली. आईची होती. तुमच्याकडे दही लागतंय का अजून?"

परबबाई वाटी घेऊन आत गेल्या. वाटी भरून आणली तेव्हा वर साय होती, घट्ट, चमचा उभा राहील अशी. "तुमी बोलनात नाय म्हणान आमी दही टाकतलव काय," त्या म्हणाल्या, आणि वाटी देऊन झाली तरी दार लावेनात.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिची आठवण आली की मला ती शिकवताना दिसत नाही, माझ्या अंगाला चाळ म्हणतानाही दिसत नाही. दिसते ती त्या दुपारची. परबबाई सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या, दोन्ही हातांनी तो घट्ट धरून. भिंगाखाली त्या वाटीतल्या दह्याच्या माळाच माळा. "हलनत नाय ते," त्या कुजबुजल्या, "निजलेत काय?" "नाही हो," आत्या तितक्याच हळू म्हणाली, "कामात आहेत." परबबाईंच्या श्वासानं भिंग धुरकटत चाललं होतं. आत्या शेजारी उभी होती, आणि ते पुसायला तिनं हात पुढे केला नाही.