अप्पांची अनाउन्समेंट

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या इमारतीच्या शेअर्ड फोल्डरसारखंच असतं ते. कोणी काय टाकलं ते माहीत नसतं, पण डिलीट करायचं सगळ्यांच्याच जिवावर येतं! माझा जुना डेस्कटॉप दिवसभर चालू असतो आणि त्यातले सिनेमे, गाणी, लग्नाचे व्हिडिओ इमारतीतल्या चारही घरांच्या कॉम्प्युटरवर नि टीव्हीवर दिसतात. वायफाय सगळ्यांत मिळून एक. ही जोडाजोडी मी करून दिलेली, त्यामुळे काही बिघडलं की शिव्या मलाच.

त्याच फोल्डरमध्ये तळमजल्यावरच्या अप्पांच्या आवाजाची एक छोटीशी फाइल आहे. अप्पा आता नाहीत. ती फाइल वाजवायची की नाही, यावरून इमारतीत कोणालाच चैन नाही. मला तर अजिबात नाही. म्हणून आधी बाकीचं सांगून घेते.

*

सगळ्यांनी एकदम सिनेमा लावला की सगळ्यांचाच अडकायचा. अप्पा होटगीहून रेल्वेतून रिटायर झालेले, भलते शिस्तीचे. सोलापुरात पाणी रोज येत नाही, आणि आलं की कोणत्या मजल्यानं कधी भरायचं ही पाळी अप्पांनीच लावलेली. तीच पाळी त्यांनी सिनेमाला लावली!

"आदी तिसरा मजला बघंल. त्यांचं झालं की खालचे. घाई करायची नाही."

अक्का, म्हणजे त्यांच्या मिसेस, काळजीत पडल्या. "अवो, वरच्यांनी लई बघितलं तर आपल्याला पुरंल का?"

"पुरतंय की! मी हाय न्हवं?" अप्पा ठणकावून म्हणाले. आणि मग जिना चढून पहिल्या मजल्यावर माझ्या दारात आले, आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, पुरतंय न्हवं?"

*

तिसऱ्या मजल्यावर नरसय्या काका. पूर्वी टॉवेलचे माग होते, आता कंबर धरलेली असते म्हणून योगासनं. एका रविवारी त्यांनी कॉम्प्युटरवरून योगाचा व्हिडिओ लावला आणि यादीतला टीव्ही चुकीचा निवडला.

तो लागला दुसऱ्या मजल्यावर, रशीद चाचांच्या हॉलमध्ये. तिथं मुलीला बघायला पाहुणे आलेले! समोर सरबत, आणि टीव्हीवर एक गुरुजी आडवे पडून पाय वर करताहेत. "पोट आत... श्वास सोडा..." चाचा रिमोट शोधताहेत, रिमोट पाहुण्यांच्या खाली. वर काकांना काही दिसेना, म्हणून ते आवाज वाढवताहेत!

शेवटी चाचांनी टीव्हीची पिनच उपटायला हात घातला, तर मुलाचे आजोबा पोट आत घेऊन बसलेले. म्हणाले, "रैने दो ना मियाँ, कमर खुलरई मेरी!"

रिश्ता जमला.

*

त्यानंतर मी सगळ्यांना दम भरला. आपापल्या टीव्हीला ओळखू येईल असं नाव द्या, म्हणजे घोळ होणार नाही. दुसऱ्या दिवशी यादी उघडली. आमचा टीव्ही. आमचा टीव्ही. आमचा टीव्ही. त्यातला एक माझाही, कबूल. चौथा रशीद चाचांचा, त्यांनी तेवढं कंपनीचं नाव तसंच ठेवलेलं.

"मी सांगितलं होतं ना, ओळखू येईल असं नाव द्या म्हणून?"

"मग?" काका म्हणाले. "आमाला येलालंय की ओळखू!"

*

आता अप्पांची फाइल.

पाणी कधी येईल त्याचा नेम नाही. आलं की अप्पा जिन्यातून ओरडत तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचे. गुडघे बोलायला लागले तेव्हा मी त्यांचा आवाज रेकॉर्ड केला आणि सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एक बटण ठेवलं. ज्याला पाणी दिसेल त्यानं ते दाबायचं, की चारही घरांत अप्पा एकदम सुरू: "पाणी आलंय ओ! मोटर लावा! वरच्यांनी आदी भरा, खालच्यांनी दमानं घ्या!" आणि मागून अक्कांचा आवाज, "चहा टाकू का?" त्यावर अप्पा, "टाक की."

मी म्हटलं, शेवट खराब झालाय, परत बोला.

"कशाला? पाणी काय परत येतंय व्हय?"

एकदा माझी ऑफिसची ऑनलाइन मीटिंग चालू होती. पुण्याचे साहेब टार्गेटवर बोलत होते आणि माझ्या स्पीकरमधून अप्पा सुरू झाले. मीटिंगमध्ये आमचा एक सोलापूरचाच सहकारी होता, बंगळुरात बसलेला. तो ताडकन खुर्चीतून उठला आणि कॅमेऱ्याबाहेर पळाला!

*

मग अप्पा गेले. दिवसकार्य झालं. पाणी आलं.

पहिल्यांदा ते रशीद चाचांना दिसलं. त्यांचा हात माऊसवर गेला आणि तिथंच थांबला. अक्कांच्या घरातही कॉम्प्युटर आहे, आणि त्याचे स्पीकर सगळ्यांत मोठे. चाचा अनवाणी प्रत्येकाच्या दारात जाऊन कुजबुजले, "पानी आया... पानी आया..." आम्ही पाणी भरलं ते चोरीचा माल भरावा तसं!

मग मी त्या जागी घंटेचा आवाज लावून पाहिला. चारही घरांना वाटलं आपलीच बेल वाजली. चारही दारं उघडली आणि सगळे एकमेकांकडे बघत उभे. अक्कांनीही दार उघडलं, बाहेर पाहिलं आणि लावून घेतलं.

"फाइल काढू नका, वाजवू पन नका," नरसय्या काकांनी फर्मान काढलं. काढून टाकली तर अप्पा आणखी एकदा जाणार. वाजवली तर अक्कांचं काय होणार? घंटा तेवढी मी काढली, बटण परत अप्पांचं झालं. रोज फोल्डर उघडायचे, त्या फाइलकडे बघायचे आणि बंद करायचे.

*

परवाची दुपार. ऊन असं की जिन्याच्या कठड्याला हात लाववत नव्हता. मी कामात होते आणि एकदम चारही घरांतून आवाज आला.

"पाणी आलंय ओ! मोटर लावा!"

स्क्रीनवर पाहिलं, बटण दाबलं होतं तळमजल्यावरून. मी चप्पल न घालताच खाली पळाले. जिन्यात लुंगी सावरत काका, त्यांच्या मागे बादली घेऊन चाचा.

काकांनी मोटरजवळचा नळ सोडला. कोरडा. पाणी कालच येऊन गेलेलं, टाक्या भरलेल्या. आज यायचा प्रश्नच नव्हता.

दारात अक्का उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर नीट करत. "आलं का ओ पाणी?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पाण्याशिवाय मोटर फिरली की जळते, यावरून काकांनी आजवर सगळ्या इमारतीला झापलंय. त्याच काकांनी पुढं होऊन मोटरचं बटण दाबलं. मोटर नुसतीच किंचाळायला लागली.

"आलंय की, अक्का!" काका त्या आवाजावरून ओरडले. "लई जोरात आलंय!"

चाचांनी कोरड्या नळाखाली बादली लावली आणि माझ्याकडे वळून खेकसले, "देखतीच क्या खडी? जा, तू भी बादली ला!"