मावशीच्या बांगडीतली पिन

दुपारचं जेवण झालंय. गॅलरीत नातवाची टोपी विणत बसलेय. डोळे मिटायला लागतात, सुया मात्र चालूच. इतक्यात शरयूमावशी समोरच्या वेताच्या मोड्यावर येऊन बसते. ती कॅन्सरने गेली त्याला बरीच वर्षं झाली, पण बांगडीत सेफ्टी पिनांचा तोच घोस लटकतोय.

"काय गं, टोपी विणतेयस की पलंगपोस?"

बघते तर खरंच! टाके वाढवत गेले, थांबायचं विसरलेच. टोपी मांडीवरून घसरत फरशीवर पसरलीय. फरशी मावशीच्या शाळेतल्या प्रयोगशाळेची आहे. तिथे ती जीवशास्त्र शिकवायची.

"मावशी, मला छातीत गाठ लागतेय." अगंबाई, घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते पटकन बोलून गेले. "तुझंच आलं ना माझ्याकडे? कसलं पाप केलं होतं गं आपण?"

"डोंबलाचं पाप! पेशींना वाढायला सांगणारी जनुकं सगळ्यांच्यात असतात. ती नसती तर तू अजून ठिपक्याएवढीच असतीस. टाके वाढवल्याशिवाय टोपी होते का? पण नक्कल होता होता एखाद्या जनुकात चूक होते, मग ते 'वाढ, वाढ' म्हणतच सुटतं. त्यात आवरणारी जनुकंही बिघडली, की झालं."

"मग माझी गाठ तसलीच?"

"मला काय विचारतेस? सगळ्याच गाठी तसल्या नसतात. डॉक्टर तुकडा काढून तपासतील, तेव्हा कळेल." ती बांगडीतली एक पिन काढते. "विणताना चूक दिसली की काय करायचं शिकवलं होतं मी?"

"तिथे पिन लावायची. म्हणजे कुठवर उसवायचं ते कळतं."

"आणि चूक पदराखाली झाकून पुढे विणत बसायचं नाही. मी बसले होते."

आता आम्ही दवाखान्यातल्या बाकावर आहोत. ती माझी पाठ थोपटते. तिच्या हाताला खडूचा वास आहे.

"फार आठवण येते गं तुझी."

"माहितीय. ऊठ आता, चहाची वेळ झाली."

दचकून जागी होते. टोपी मांडीवरच आहे, काठ मात्र झालरीसारखा फुललाय. आणि जिथून चुकले त्या टाक्यात एक जुनी, गंजकी सेफ्टी पिन. मी कायम ड्रेस घालणारी बाई, माझ्या घरात पिन शोधूनही सापडायची नाही.

आत सून चहा टाकतेय.

"मृण्मयी, गॅस बंद कर आणि जरा इकडे ये. माझ्या छातीत गाठ आहे. उद्या डॉक्टरांकडे येशील माझ्याबरोबर?"