हरकत सरांचा डावा अंगठा

आमच्या कायदा महाविद्यालयात मी बावीस वर्षं कारकून आहे. पाच प्राचार्य बघितले. त्यातले चार माझ्या तोंडाला लागायचे नाहीत आणि पाचव्यांना ऐकूच यायचं नाही. मी मात्र टरकून असायचे एकाच माणसाला, फौजदारी कायदा शिकवणाऱ्या हरकत सरांना. प्रत्येक बैठकीत हात वर करून 'माझी हरकत आहे' म्हणायचे, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. त्यापायी विभागप्रमुखपद तीनदा हातचं गेलं. त्यांना सुतराम फरक पडला नाही.

सर आधी वकील होते. वकिलीच्या चौथ्या वर्षी एका दुपारी कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांच्या अशील बाईला तिच्याच नवऱ्यानं भोसकलं. सात वार. सर दोन हात अंतरावर, फाईल छातीशी धरून उभे. पाय हललेच नाहीत, असं ते दरवर्षी पहिल्याच तासाला वर्गात सांगायचे. पुढच्या महिन्यात त्यांनी वकिली सोडली आणि शिकवायला लागले, त्याला एकतीस वर्षं झाली.

यंदा त्यांची एक विद्यार्थिनी, लग्न झालेली, वर्गात पहिली, दूरच्या विद्यापीठात एलएलएमला अर्ज करत होती. प्रवेशाबरोबर वसतिगृहाची खोली मिळणार होती, आणि तिला खरी गरज त्या खोलीची होती. नवरा गॅरेजवाला, तिला बडवायचा. सरांना हे ठाऊक होतं, मला नव्हतं. भर उन्हाळ्यात गळ्याला रुमाल बांधून यायची, तर मी म्हणायचे, काय हे नखरे. सरांचं शिफारसपत्र तेवढं राहिलं होतं. शेवटच्या दिवशी पाचच्या आत ते कुरिअरला जायला हवं होतं.

त्या सकाळी मला नको तिथे शहाणपण सुचलं. अर्जात एका गुणपत्रिकेची प्रत नाही असं वाटलं, म्हणून तिच्या घरी फोन लावला. नवऱ्यानं उचलला. आवाज इतका मऊ की वाटलं, कौतुकानं विचारतोय. मी घडाघडा सांगून टाकलं, कुठे जाणार, किती दिवस, पत्र कोण देणार.

दुपारी दोनला तो पाना घेऊन आला. आवाज ऐकून मी सरांच्या खोलीत धावले. त्यानं सरांचा उजवा हात टेबलाच्या खणात कोंबला होता आणि खणावर लाथा घालत होता. तिसऱ्या लाथेला हाडं मोडलेली मला ऐकू आली. 'लिही आता पत्र,' म्हणत होता मेला. मी पंचिंग मशीन उचलून त्याच्या कानशिलात घातलं. भळाभळा रक्त आलं, आणि त्याचा आनंद मला आजही होतो. मग पाना माझ्या तोंडावर बसला, दोन दात गेले. ग्रंथपाल आणि पोरांनी त्याला तुडवलं आणि पोलिसांच्या हवाली केलं.

सर दवाखान्यात जाईनात. आधी पत्र. माझ्या स्कार्फात गुंडाळलेल्या हातातून रक्त ठिबकतंय, ते सांगताहेत, आणि मी तोंडात बोळा धरून टाइप करतेय. सहीचं काय? बोटांचा पार चेंदामेंदा झालेला. डाव्या हाताची सही नमुन्याशी जुळायची नाही, म्हणून त्यांनी स्टॅम्प पॅड मागवलं. डावा अंगठा उठवला, खाली साक्षीदार दोन, मी आणि ग्रंथपाल. एकतीस वर्षं कायदा शिकवून अंगठेबहाद्दर झालो, असं म्हणून सर हसले. मला काही हसू आलं नाही.

साडेचारला ती आली. एक डोळा सुजून बंद, ओठ फाटलेला, चप्पल एकाच पायात. सरांचा हात बघितला आणि पत्राचं पाकीट घेईना.

"हात माझा आहे, त्याचं मी बघेन," सर म्हणाले. "तू नीघ."

मी जिन्यापर्यंत तिच्याबरोबर गेले. मला राहवेना. फोन मीच केला होता, त्याला सगळं मीच सांगितलं, असं म्हणाले आणि तिच्यासमोर रडायला लागले. तिनं माझा दंड धरला.

"माहितेय, ताई. मला मारताना तो तेच सांगत होता, ऑफिसातल्या बाई फार चांगल्या आहेत म्हणून."

पाकीट कपड्यांच्या आत खोचून, कठडा धरत ती खाली उतरली. पाचला वीस मिनिटं कमी होती.