करवली अंगणवाडीत

लग्नातली पोरं उचलून नेल्याचा आरोप तुमच्यावर कधी झालाय? माझ्यावर झालाय. आणि वाईट म्हणजे तो खरा होता. घ्या, चहा घ्या, सगळं सांगते.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. शहाद्याच्या आसपासची गावं माझ्याकडे. घरी आम्ही अहिराणीच बोलतो, पण ड्यूटीवर निघाले की माझी जीभ इस्त्री करून निघते. एकदम परिपत्रकी मराठी.

त्या वर्षी मी तीन दिवसांचं प्रशिक्षण करून आले. विषय होता, अंगणवाडीत बदल कसा घडवावा. मी पहिल्या रांगेत, वही भरून टिपणं. पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलेलं, 'बदल करण्याआधी तिथल्या माणसांचं ऐका.' आणि परत आल्यावर मी काय केलं? सगळ्या अंगणवाडीताईंना समोर बसवून दीड तास ते वाक्य समजावून सांगितलं. ऐकलं कोणाचंच नाही.

ब्राह्मणपुरीच्या पुढे एक गाव आहे. नाव राहू द्या, मला अजून तिथे जावं लागतं. तिथल्या मदतनीस सुमनबाई रोज सकाळी गल्लीगल्लीतून फिरून पोरं गोळा करायच्या. पहिल्याच्या मुठीत त्यांचा पदर, दुसऱ्याच्या मुठीत पहिल्याचा सदरा, अशी बावीस पोरांची आगगाडी दहाच्या आत अंगणवाडीत. मला ते फारच जुनाट वाटलं.

"उद्यापासून हे बंद," मी जाहीर केलं. "पालकांनी स्वतः मूल आणून सोडायचं. याला पालकसहभाग म्हणतात."

सुमनबाई हळूच म्हणाल्या, "पन बाई, कापूस येचाना दिन शेतस. पोरेसन्या माया सातलेच वावरमा चालन्या जातस."

"सवय लागेल," मी म्हटलं.

सुमनबाई गप्प बसल्या. अंगणवाडीताई वैशाली आधीपासूनच गप्प होती. मी त्याला संमती समजले.

आता तुम्हीच सांगा. आया सातला शेतात, अंगणवाडी दहाला उघडणार. पोर आणून सोडणार कोण? घरात मागे राहिलेल्या आजीचे गुडघे? मग आया पोरांना सरळ वावरातच नेऊ लागल्या. शेंबड्या पोरालाही कळेल अशी गोष्ट, पण मी प्रशिक्षित ना! वैशालीने दोन-तीनदा फोन केला, तर मी "सकारात्मक राहा" म्हणून ठेवून दिला. वर आमच्या तालुक्याच्या बैठकीत या प्रयोगाची फुशारकीही मारली.

पंधरा दिवसांनी सकाळी पुन्हा वैशालीचा फोन. आवाज रडवेला.

"मॅडम, मोठ्या मॅडम अकराला येताहेत. प्रकल्प अधिकारी. तुमचा प्रयोग बघायला. आणि पोरं दोनच आहेत. त्यातला एक सुमनबाईंचा नातू. आता हजेरीची नोटीस मला निघेल, सुमनबाईंना निघेल. आमची नोकरी गेली तर काय करायचं?"

मी स्कूटी काढली ती सुसाट. पोचले तेव्हा साडेदहा वाजत आले होते. सुमनबाई दारातच उभ्या. "बाई, मी जासू का आनाले?"

कोणीही शहाणा माणूस इथे काय म्हणाला असता? 'जा माय, धाव,' असंच ना? पण त्यांना पाठवणं म्हणजे माझा बदल फसला हे मान्य करणं. मी म्हटलं, "नको. मी स्वतः जाते."

गल्ल्या ओस पडलेल्या. मारुतीच्या देवळामागे वळले आणि काय, सावलीत पोरंच पोरं! नवे कपडे, तोंडाला पावडर, डोळ्यांत काजळ. एक पाच वर्षांची चिमुरडी तर चक्क साडी नेसून, गजरा माळून. मला काय वाटावं? वाटलं, बघा, पालकांचा सहभाग कसा वाढलाय.

शपथेवर सांगते, ती सावली मांडवाची होती हे मला दिसत होतं. बँडवाले दिसत होते, आचाऱ्याची कढई दिसत होती. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं नाही.

"चला रे, गाणी म्हणू, खिचडी खाऊ," मी म्हटलं. पोरं कंटाळलेलीच होती. एकोणीस पोरं माझ्या मागे निघाली. एकीने तर माझा पदर धरला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

वैशाली त्यांना बघून म्हणाली, "मॅडम, पण ही तर..."

"बसव त्यांना," मी म्हटलं.

मोठ्या मॅडम आल्या. पोरांनी गाणी अशी दणकून म्हटली की त्या एकदम खूश. साडीवाल्या चिमुरडीला त्यांनी विचारलं, "तुझं गाव कुठलं गं?"

"सुरत."

"आणि तुझं?"

"दोंडाईचा."

तिसरा म्हणाला, "नवापूर."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझी जीभ माझ्या डोक्याच्या आधी पळते. मी म्हटलं, "स्थलांतरित कुटुंबांतली बालकं, मॅडम. आपण कोणालाच वगळत नाही." मॅडमनी कौतुकाने वहीत लिहायला घेतलं.

तेवढ्यात लांबवर वाजणारा बँड थांबला. लग्नाचा बँड मध्येच थांबला की समजावं, काहीतरी मोठं बिघडलंय. दोन मिनिटांत अंगणवाडीच्या दारात अर्धं वऱ्हाड. पुढे नवरदेवाचा मामा, फेटा कानावर आलेला.

"आमनी करवली कोठे शे? नवरदेव घोडावर बठेल शे, मुहूर्त निंघी चालना!"

मागून आचाऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "हाईच ती लाल साडीनी बाई. खिचडीनं सांगीसन पोरेसले लई गई."

नवरदेवाच्या मागे कलश घेऊन उभी राहायची ती करवली. तिच्यावाचून नवरदेव मांडवात पाऊल टाकेना, आणि ती इथे मांडी घालून खिचडी खात होती. मामाने तिला खिचडीच्या हातासकट उचललं. बाकीची पोरंही आपापल्या काकांच्या कडेवर गेली आणि खोलीत आमची ती दोनच पोरं उरली.

"मग अंगणवाडीची बाकीची मुलं कुठे आहेत?" मोठ्या मॅडमनी विचारलं. प्रश्न वैशालीला होता. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. शहाणपणा मी केला होता आणि मान तिची जाणार होती.

माझी इस्त्री तिथेच मोडली. "मॅडम, चुकी मन्ही शे," मी म्हटलं. "सुमनबाई पोरं आणायच्या, ते मीच बंद केलं. या दोघी सांगत होत्या, मी ऐकलं नाही. नोटीस काढायची तर माझ्या नावाने काढा."

मॅडम काही बोलणार एवढ्यात दारातून सुमनबाई आत आल्या. त्यांच्या पदराला एक पोर, त्याच्या सदऱ्याला दुसरं, अशी सगळी आगगाडी. केसांत कापूस अडकलेला, पायांना माती. मी देवळाकडे वळल्याबरोबर या बाई कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून वावरं पालथी घालून आल्या होत्या.

"तुम्ही नको म्हनात," त्या मला म्हणाल्या, "पन मी गऊच."

मॅडमनी पोरं मोजली, वहीतलं मघाचं कौतुक खोडलं आणि नोटीस कोणालाच काढली नाही. निकाल मात्र दिला. फेरी पूर्वीसारखी सुरू करायची, आणि आठ दिवस पर्यवेक्षिकेने सुमनबाईंसोबत फिरायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आगगाडीच्या शेवटच्या डब्यात. एका ओट्यावर बसलेल्या आजीने डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळलं.

"सुमन, मांगे ही कोन शे वं?"

सुमनबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"नवी शे. आजपाईन येवाले लागनी. रडत नही, पन सांगेल ऐकत नही."