चिकाने जमलेली सोयरीक

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तेव्हा टोकावडे ते मुरबाड आमची सर्व्हिस मोटार लाकडी कोळशावर चालायची. मागे भट्टी लावलेली. तिच्यात कोळसा पेटवायचा आणि त्याचा गॅस एका जाड रबरी नळीतून इंजिनात जायचा. चालवणारा मी. शाळा तिसरीपर्यंत, पण इंजिनातलं मला कुणी शिकवायची गरज तेव्हा नव्हती, आजही नाही.

लग्न मात्र अडलं होतं. मुलीचा बाप पहिल्यांदा विचारायचा, भात किती पिकतं? आणि आमचं शेत असं की बैल वळवायला दुसऱ्याच्या बांधावर जावं लागे. टोकावड्याच्या पलीकडची एक मुलगी मी बाजारात बघितली होती. तिनेही मला बघितलं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिचा बाप आणि मामा आमचं घर बघायला यायचे ठरले. मी म्हटलं, शेत दाखवण्यापेक्षा मोटार दाखवू. दोघांना पुढे, माझ्या शेजारी बसवलं.

पहिल्याच चढावर मोटारीने मान टाकली. इंजिन फुरफुरत होतं, पण ओढेना. उतारू खाली उतरले, दोनदा ढकलून दमले.

आमच्यात रीत अशी, की घर बघायला निघालेली माणसं अर्ध्या वाटेवरून माघारी फिरली तर ती सोयरीक मेली. पुन्हा तो विषय काढायचा नाही. आणि नेमकी टोकावड्याकडे जाणारी एक रिकामी बैलगाडी आली. मामा टुणकन उठला.

"चला भावजी, माघारी. ज्याची मोटार चढ चढत नाय, तो संसार काय ओढील?"

गाडीवान म्हणाला, "बैलांना ओढ्यावर पानी दाखवतो, मंग बसा." म्हणजे बैलांची तहान भागेपर्यंतच मला वेळ होता.

मी बोनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून नळीवरून हात फिरवला. कुठूनही वारा लागला नाही. "नळी शाबूत हाय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि भट्टीतले निखारे सळईने ढोसायला लागलो.

मुलीचा बाप मडगार्डवर टेकून विडी ओढत होता. तो म्हणाला, "पोरा, तुझं इंजिन माझा धूर खातंय."

बघतो तर विडीचा धूर सरळ नळीच्या पोटाखाली शिरत होता. नळी पत्र्यावर घासून तिथे चिरली होती. इंजिन गॅस ओढून घेतं, तशी चिरेतून बाहेरची हवाही ओढत होतं. वारा बाहेर येणार कुठून?

"तेच शोधत होतो," मी म्हटलं.

एका म्हातारीकडे नाचणीचं पीठ होतं. ते भिजवून मी चिरेवर थापलं. नळी गरम. घटकाभरात पीठ वाळून तडकलं आणि भाकरीचा वास सुटला.

"भाजली गो बाय!" म्हातारी म्हणाली. "आता कालवन कोन देतो?"

सगळे हसले. बैल पाणी पिऊन आले, तसा मामा बैलगाडीत जाऊन बसला. तेवढ्यात माझी नजर टपावर गेली. एकाचे कच्चे फणस मुरबाडच्या बाजाराला चालले होते. फुटक्या मडक्याला आमच्या घरी फणसाचा चीक लावतात. मालक बोंबलत असतानाच मी कोयत्याने फणस कापला, माझ्या नव्या उपरण्याची पट्टी फाडली, चिकात बुडवली आणि हाताला चटका बसू नये इतके वेढे देऊन नळीवर गुंडाळली. पण चीक धरेपर्यंत पट्टी कुणीतरी दाबून धरायला हवी होती.

"सोड, मी धरतो," मुलीचा बाप म्हणाला. "भोक मी शोधलंय."

"भोक मी शोधलं. तुमचा फक्त धूर होता."

"बरं बरं. तू हान गाडी."

तो मडगार्डवर बसला आणि दोन्ही हातांनी नळी धरली. इंजिनाने एकदम सूर पकडला. मामा बैलगाडीतून उडी मारून धावत आला. चढ चढलो, तरी म्हातारा नळी सोडीना. आमच्या दारात मी पट्टी मोकळी केली, तर नळीवरून सुटताच त्याचे दोन्ही तळवे चिकाने एकमेकांना चिकटले. तो माझ्या बापापुढे हात जोडूनच उतरला. बाप चाटच पडला. मुलीकडचा माणूस, आणि एवढा नम्र!

आई गूळपाणी घेऊन आली. आमच्यात मुलीचा बाप घर पसंत पडलं तरच गूळ तोंडात घालतो, नाहीतर नुसतं पाणी पितो. याचे हात जोडलेले बघून आईने बिचारीने गुळाचा खडा आपणच त्याच्या तोंडात घातला.

"तोंड गोड झालं!" माझा बाप ओरडला. "सोयरीक ठरली!"

"ठरली कशी?" मामा उसळला. "ह्यांचे हात चिकटलेत म्हनून—"

म्हाताऱ्याने सावकाश गूळ चघळला, गिळला.

"हात चिकटलेत रे," तो मेव्हण्याला म्हणाला. "थुकायला तोंड मोकळंच होतं."

मग आईकडे वळला. "विहीनबाई, आता जरा तेल आना."