रक्तातनं की खाण्यातनं

लठ्ठपणाच्या अभ्यासासाठी रक्त द्यायला एक जाडजूड गृहस्थ साक्कोट्टैहून कुंभकोणमला आमच्या दवाखान्यात यायचे. एका जागी बसणं त्यांना जमतच नसे. मी सुई काढली, की हातावर कापूस दाबून व्हरांड्यात येरझारा सुरू. इतरांशी तमिळ, माझ्याशी घरची तंजावरी मराठी, आणि प्रश्न सगळ्यांना एकच. "अक्का, हे रक्तातनं आलं, की माझ्या खाण्यातनं?"

सोबत कॉलेजातली लेक असे, त्यांच्यासारखीच जाड. नंतर कँटीनमध्ये ते तिच्या ताटातला दुसरा दोसा न बोलता उचलून घेत.

एकदा त्यांनी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर म्हणाले, "जाड माणसांच्या रक्तात मायक्रोआरएनए नावाचे काही बारीक रेणू कमीजास्त दिसतात. पण त्यांच्यामुळे जाडी येते, की जाडीमुळे ते बदलतात, हे अजून नक्की सांगता येत नाही."

"म्हणजे दोष कुणाचा, ते तुम्हालाही ठाऊक नाही?"

"नाही."

त्या दिवशी कँटीनमध्ये त्यांचा हात सवयीने लेकीच्या ताटाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"खा," ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे संशयाने बघत सावकाश खाऊ लागली. तो हात आता कुठे ठेवावा, हे मात्र त्यांना कळेना.