पालथा कागद

अख्खी गल्ली तिला फॅक्सकाकू म्हणायची आणि तिला ते मनापासून आवडायचं. पुढच्या खोलीत खिडकीशी संगणक, त्याला टेलिफोनची तार, आणि त्या तारेतून काय काय यायचं! वकिलाच्या नोटिसा, औषधवाल्याच्या याद्या, सुतारासाठी कपाटांची मापं. ज्यांच्याकडे फॅक्सचं यंत्र नव्हतं ते बिनदिक्कत हिचा नंबर देऊन मोकळे व्हायचे. पान उमटलं की ती वरच्या पट्टीतली तारीख, वेळ आणि नंबर बघायची, ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये टाकायची, छापून पोचवायची. मजकूर वाचायची नाही. म्हणजे सुताराचा वाचायची नाही. वकिलाचा कोण सोडतं!

सगळ्यात वरचा फोल्डर नवऱ्याचा. तो दोन गल्ल्या पलीकडे, एका गोदामाच्या माडीवर एकटाच बसून इमारतींचे नकाशे काढायचा. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज गेला. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची, तेवढंच. तेव्हापासून दोघांचं दिवसाचं बोलणं फॅक्सवर. 'छत्री विसरलो.' 'अजून रागावली आहेस का?' नकाशात केसभर न चुकणारा हा माणूस यंत्रात कागद मात्र हमखास पालथा घालायचा. मग इकडे यायचं कोरं पान, कोपऱ्यात त्याच्या शाईभरल्या अंगठ्याचा डाग तेवढा. ती लगेच फोन लावायची, "अहो, पुन्हा पालथा! उलटवा." तो रिसीव्हरवर नखाने दोनदा टकटक करायचा. कळलं म्हणून.

त्या दिवशी सकाळपासून तीन पानं कोरी आली होती. दारात औषधवाला उभा, वकिलाचा माणूस घाई करतोय, आणि चार वाजून दहा मिनिटांनी चौथं कोरं पान. तिचं डोकंच फिरलं. "बसू दे आज पाठवत!" म्हणाली, आणि फोन लावायच्याऐवजी संगणकातल्या फॅक्सच्या प्रोग्राममध्ये एक खूण करून टाकली: कोरी पानं परस्पर पुसली जावीत. एवढ्याशा डागाला तो प्रोग्राम जुमानत नव्हता.

संध्याकाळी नवरा यंत्राशेजारी मरून पडलेला सापडला. ती पोचेपर्यंत गोदामाच्या माणसांनी खोली झाडून घेतली होती आणि यंत्रातला कागद कचऱ्यात गेला होता. त्यावर काय लिहिलं होतं? हा एकच प्रश्न तिला अकरा महिने आतून पोखरत होता. त्याने हाक मारली असेल तर? त्या न लावलेल्या फोनबद्दल तिने कुणाकडे चकार शब्द काढला नव्हता, मुलीकडेसुद्धा नाही.

संगणक रडतखडत चालायला लागला म्हणून मुलगी चार दिवस राहायला आली होती. साफसफाई करताना तिला पुसलेल्या पानांची यादी दिसली.

"आई, हे काय गं? एकाच नंबरवरून रोज एक कोरं पान. चार दहाला. रविवारीसुद्धा."

नंबर वाचायची गरजच नव्हती. माडीवरचा तो फोन पहिल्याच महिन्यात तोडला होता. अर्जावर सही हिचीच होती.

"दुसऱ्या कुणाला दिला असेल नंबर," मुलगी म्हणाली. "त्याला यंत्र जमत नसेल." आणि तिने ती खूण काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॅक्सकाकू स्वतः गोदामात जाऊन आली. माडीवर रंगाचे डबे रचलेले होते आणि भिंतीतून तारेचं तुटकं टोक बाहेर आलं होतं. घरी येऊन ती संगणकासमोर बसली. चार दहाला पान आलं. पांढरंफटक, कोपऱ्यात अंगठ्याचा डाग. मुलीनेही तो ओळखला.

आईने फोन लावला. पलीकडे कुणीतरी उचलला. शब्द नाही, नुसती श्वासाची बारीक शिट्टी.

अकरा महिने जे बोलायचं राहिलं होतं ते ती शेवटी बोलली.

"अहो... पुन्हा पालथा. उलटवा."

टकटक.

मग यंत्राचा लांब सूर. सवयीने तिच्या हाताने पान घ्यायचं बटण दाबलं. पडद्यावर वरून खाली, एकेक रेघ करत अक्षरं उतरू लागली. अक्षर त्याचंच, पण शेवटाकडे घसरलेलं.

'छातीत दुखतंय. लवकर ये.'

मुलगी म्हणाली, "आई, हे त्या दिवशीचं आहे गं."

तिने वरची पट्टी बघितली. आयुष्यभर तीच तर बघत आली होती. तारीख आजची होती.

ती उठली आणि चपला पायात सरकवू लागली.

"कुठे निघालीस? आई, तिथे कुणी नाहीये!"

"त्या दिवशी मी फोन केला नाही," ती म्हणाली. "दार लावून घे."

मुलगी जिन्यापर्यंत धावली, पण ती केव्हाच वळणापलीकडे गेली होती. घरात रिसीव्हर टेबलावर तसाच पडला होता. मुलीने तो ठेवून द्यायला उचलला, तेव्हा आतून आवाज आला.

टकटक.